कोडं कुणी घातलं?



मागच्या भागात आपण मोबाइलवरून पैसे पाठवताना काय काळजी घ्यायची ते पाहिलं. आज जरा डोक्याला खुराक.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकट असते. आडव्या नऊ ओळी, उभे नऊ रकाने, मिळून एक्क्याऐंशी घरं. काही घरांत आकडे छापलेले, बाकीची मोकळी. त्याला सुडोकू म्हणतात. कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुली एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर ते सोडवतात. काही जणी दुपारची कामं आटोपली की पेपर पुढ्यात घेऊन बसतात. सोडवणाऱ्या पुष्कळ आहेत. पण हे कोडं घालतं कोण, असं गटाच्या बैठकीत विचारलं की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. आज त्याचीच गोष्ट सांगते. ती अमेरिकेत सुरू होते, जपानला जाते, हाँगकाँगच्या एका माणसाबरोबर लंडनला पोचते आणि शेवटी इंटरनेटवरून आपल्या हातातल्या फोनवर येते.

गोष्टीआधी एक काम करा. वही आणि पेन्सिल घ्या. चार बाय चार घरांची चौकट काढा. मधोमध एक आडवी आणि एक उभी जाड रेघ मारा, म्हणजे चार घरांचे चार चौकोन होतील. आता मी सांगते तसे आकडे लिहा. पहिल्या ओळीत पहिल्या घरात १. दुसऱ्या ओळीत तिसऱ्या घरात २. तिसऱ्या ओळीत दुसऱ्या घरात ३. चौथ्या ओळीत चौथ्या घरात ४. झालं. बाकीची बारा घरं तुम्ही भरायची. नियम एकच : प्रत्येक ओळीत, प्रत्येक रकान्यात आणि प्रत्येक चौकोनात १, २, ३, ४ हे आकडे एकेकदाच यायला हवेत.

सुरुवात मी करून देते. वरचा डावा चौकोन बघा. त्यात २ कुठे बसेल? दुसऱ्या ओळीत २ आधीच आहे, म्हणून तो पहिल्याच ओळीत बसणार, १ च्या शेजारी. मग ३? दुसऱ्या रकान्यात ३ आहे, म्हणून तो १ च्या खाली. उरलेल्या घरात ४. अंदाज कुठेच नाही, प्रत्येक आकड्याला कारण आहे. असंच पुढे जा.

आता गंमत बघा. शेवटच्या ओळीतला तो ४ मी सांगितलाच नसता, तर पहिली ओळ १, २, ४, ३ अशीही भरता आली असती आणि १, २, ३, ४ अशीही. शेवटच्या ओळीतही दोन आकड्यांची अदलाबदल झाली असती. दोन्ही उत्तरं नियमात बसतात. मग ते कोडं राहत नाही, नुसता अंदाज होतो. आपल्या कॅशबुकात महिन्याअखेरची शिल्लक एकच निघायला लागते. दोघींच्या दोन निघाल्या तर बैठक पुढे सरकत नाही. तसंच तर्काच्या कोड्याचं आहे. उत्तर एकच हवं आणि ते कारणं देत देत मिळायला हवं. सोडवणारीला फक्त उत्तर शोधायचं असतं. घालणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, दुसरं उत्तर कुठूनही निघत नाही ना! कोडं घालण्याचं कसब आहे ते इथेच.

आता गोष्ट. अमेरिकेत इंडियाना नावाचं राज्य आहे. तिथे हॉवर्ड गार्न्स नावाचे एक वास्तुरचनाकार राहत होते, इमारतींचे आराखडे काढणारे. १९७९ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचं एक नवं कोडं डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात छापून आलं. मासिकाने त्याला नाव दिलं ‘नंबर प्लेस’, म्हणजे आकड्याची जागा. आजचं सुडोकू ते हेच. कोड्याशेजारी गार्न्स यांचं नाव मात्र नव्हतं. फ्रान्समधल्या वर्तमानपत्रांत १८९० च्या दशकात याच्या जवळपास जाणारी आकड्यांची कोडी येत होती, पण ती पुढे बंद पडली. गार्न्स यांचं कोडं टिकलं. १९८९ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या देशात फार थोड्यांना ते कोडं माहीत होतं, आणि ते त्यांचं आहे हे तर त्याहून कमी लोकांना.

मग नाव कळलं कसं? विल शॉर्ट्झ हे अमेरिकेतले कोड्यांचे नामवंत संपादक. त्यांनी २००५ च्या सुमारास जुने अंक काढून बसून तपासले. अंकाच्या सुरुवातीला कोडी पाठवणाऱ्यांची एक यादी असे. ज्या अंकात नंबर प्लेस, त्या अंकाच्या यादीत गार्न्स. ज्यात ते कोडं नाही, त्यात गार्न्सही नाही. एवढ्या धाग्यावरून नाव सापडलं. ते ऐकायला गार्न्स नव्हते. त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली होती.

आता जपान. तिथे माकी काजी नावाच्या तरुणाने मित्रांबरोबर १९८० साली कोड्यांचं एक मासिक काढलं. नाव ‘निकोली’. हे नाव शर्यतीच्या एका घोड्याचं, कारण काजींना घोड्यांच्या शर्यतींचा भारी नाद. अमेरिकेतल्या त्या मासिकातलं नंबर प्लेस त्यांनी पाहिलं आणि १९८४ साली आपल्याकडे छापलं. त्याला एक लांबलचक जपानी नाव दिलं. त्याचा अर्थ असा की आकडा बिनलग्नाचाच राहिला पाहिजे, म्हणजे ओळीत त्याला जोडीदार नको. पुढे ते नाव आखडून झालं ‘सुडोकू’.

निकोलीने नाव बदललं, त्याहून मोठं एक काम केलं. त्यांनी वाचकांना सांगितलं, तुम्ही कोडी सोडवता, आता घालूनही पाठवा. आणि वाचक पाठवू लागले. नुसती सुडोकू नव्हे, नवीनच जातीची कोडी. एक सांगते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे ठिपके असतात. चार ठिपक्यांच्या मध्ये एखादा आकडा, त्या घराच्या किती बाजूंना रेघ आहे ते सांगणारा. ठिपके जोडून एकच बंद रेघ काढायची, ती कुठे तुटता कामा नये, स्वतःला ओलांडता कामा नये. या कोड्याचं नाव स्लिदरलिंक. दोन वाचकांच्या दोन कल्पना एकत्र करून १९८९ साली ते तयार झालं.

दुसरं एक कोडं मोत्यांच्या कंठ्याचं. सुरुवातीला त्यात फक्त पांढरे मोती होते. पुढे काळे मोती आले आणि कोड्यात खरा रंग भरला. त्याचं आजचं नाव ‘मास्यू’. मोती या शब्दाची जपानी अक्षरं काजींनी एकदा चुकीची वाचली, त्यावरून कचेरीत थट्टा सुरू झाली आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

निकोलीचा कटाक्ष होता की कोडं माणसाने हाताने घातलेलं असावं. सुडोकूत सुरुवातीचे आकडे बत्तीसहून जास्त नसावेत, आणि चौकट अर्धा फेरा फिरवली तरी भरलेली घरं तशीच दिसावीत, हे त्यांनी ठरवून घेतलं होतं. सुडोकू या नावाची नोंदणी त्यांनी जपानमध्ये केली होती, बाहेरच्या देशांत केली नव्हती. म्हणून पुढे जगभर ते नाव कुणालाही वापरता आलं, आणि काजींना त्यातून फारसं काही मिळालं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एकोणसत्तराव्या वर्षी ते गेले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांना सुडोकूचे जनक म्हणून निरोप दिला. जन्म दिला गार्न्स यांनी, वाढवलं काजींनी. दोन्ही नावं लक्षात ठेवायला हवीत.

तिसरा माणूस वेन गूल्ड. मूळचे न्यूझीलंडचे, हाँगकाँगमध्ये न्यायाधीश होते. १९९७ साली टोकियोतल्या एका पुस्तकाच्या दुकानात त्यांना सुडोकूचं पुस्तक दिसलं. जपानी येत नव्हतं, पण चौकट बघून खेळ कळला. मग सहा वर्षं खपून त्यांनी संगणकाचा एक प्रोग्राम लिहिला, जो स्वतःच सुडोकू तयार करतो, त्याला एकच उत्तर आहे ना ते तपासतो आणि सोपं की अवघड तेही ठरवतो. ते लंडनला ‘द टाइम्स’च्या कचेरीत गेले आणि कोडी फुकट देऊ केली. बदल्यात आपल्या प्रोग्रामची जाहिरात व्हावी, एवढंच. १२ नोव्हेंबर २००४ ला टाइम्समध्ये पहिलं सुडोकू आलं. वर्षभरात ब्रिटनमधली बहुतेक वर्तमानपत्रं ते छापू लागली. नंतर ते भारतात आलं आणि आपल्या मराठी पेपरांतही आलं.

इथे कोड्याला दुसऱ्यांदा नाव राहिलं नाही. गार्न्स यांच्या वेळी माणूस होता, त्याचं नाव छापलं नव्हतं. आता बऱ्याच ठिकाणी कोडं यंत्रच घालू लागलं. सोडवणाऱ्याला रोज ताजं कोडं मिळालं, त्यात वाईट काही नाही. पण निकोलीच्या वाचकांना मिळालेली संधी, म्हणजे सोडवता सोडवता आपणही घालायला लागायचं, ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नव्हती.

ती संधी पुन्हा मिळाली ती वेबसाइटमुळे. आता त्या कशा चालतात ते सांगते.

तर्काचं कोडं कागदावर पाठवायचं तर चौकट काढा, आकडे लिहा, पाकिटात घाला, टपालाची वाट बघा. संगणकावर चित्र पाठवता येतं, पण समोरच्याला ते आधी छापून घ्यावं लागतं. यावर लोकांनी हळूहळू उपाय काढले. ब्रिटनमधले सायमन टॅथम हे संगणकाचे जाणकार. त्यांनी २००४ च्या सुमारास तर्काच्या कोड्यांचा एक संच करून फुकट ठेवला. त्यातली कोडी यंत्रच तयार करतं, पण प्रत्येक कोड्याला अक्षरं-आकड्यांची एक छोटी खूण असते. ती खूण मैत्रिणीला पाठवली की तिच्या पडद्यावर अगदी तेच कोडं उघडतं.

जपानमधल्या एका हौशी प्रोग्रामरने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्याने निकोलीसारखी कोडी घालण्याचं साधन बनवलं आणि अख्खं कोडं लिंकच्या आतच बसवलं. चौकट केवढी, कुठल्या घरात कोणता आकडा, सगळं त्या लिंकमधल्या अक्षरांत. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवतो ना, तशी ती पाठवायची, उघडली की कोडं तयार. नाव नोंदवा, पासवर्ड ठेवा, अशी भानगड नाही. त्याच साधनावर पुढे ‘पझ-लिंक’ ही वेबसाइट उभी राहिली. तिच्यावर शंभराहून जास्त जातींची कोडी घालता येतात. दुसरी एक ‘पेन्पा’ नावाची. ती चौकटीच्या कोऱ्या कागदासारखी आहे. आकडे, रेघा, रंग, गोल, हवं ते काढा, नियम आपल्या शब्दांत लिहा आणि लिंक पाठवा. आजवर कुणी न घातलेल्या जातीचं कोडंही तिथे मांडता येतं.

ऑस्ट्रियात अँगेला आणि ओट्टो यांको या जोडीने आपल्या वेबसाइटवर तर्काच्या कोड्यांचा मोठा साठा जमवला आहे. जर्मनीत एक वेबसाइट आहे, तिथे कुणीही आपलं कोडं ठेवू शकतं. लोक ते सोडवतात, अवघड की सोपं ते नोंदवतात, आवडलं का तेही सांगतात. कोड्याबरोबर घालणाऱ्याचं नाव असतं. पुष्कळ जण टोपणनाव घेतात, पण ते त्यांनी स्वतः निवडलेलं असतं, आणि त्यांचं पुढचं कोडं लोक त्या नावाने ओळखतात. गार्न्स यांना जे मिळालं नाही, ते इथे शाळकरी पोरालाही मिळतं.

त्याचा परिणाम काय झाला, त्याचं एक उदाहरण. ब्रिटनमधले सायमन अँथनी आणि मार्क गुडलिफ हे दोघे यूट्यूबवर रोज कोडी सोडवून दाखवतात. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, सायमन यांच्यापुढे मिचेल ली नावाच्या माणसाचं एक सुडोकू आलं. एक्क्याऐंशी घरांत छापलेले आकडे दोनच, एक १ आणि एक २. साध्या सुडोकूत किमान १७ आकडे द्यावेच लागतात. सोळात ते जमतच नाही, हे आयर्लंडमधल्या गॅरी मॅक्ग्वायर या गणितज्ञाच्या गटाने २०१२ साली संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं आहे. मग दोनात कसं जमलं? मिचेल यांनी जास्तीचे नियम घातले होते. बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांच्या चालीवर तोच आकडा नको. राजाच्या एका घराच्या चालीवरही नको. आणि शेजारी शेजारी लागोपाठचे आकडे, म्हणजे ४ च्या बाजूला ३ किंवा ५, नकोत. हे शक्यच नाही, असं सायमन यांना आधी वाटलं. पाऊण तासाच्या आत त्यांनी ते सोडवलं. तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. आणि कोडं मिचेल ली यांचं आहे, हे त्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जुने अंक चाळायची पाळी कुणावर आली नाही.

आपल्या देशातही हे काम चालतं. लॉजिक मास्टर्स इंडिया ही संस्था आपल्या वेबसाइटवर सुडोकूच्या आणि कोड्यांच्या स्पर्धा घेते. कोडी घालणारे भारतातले असतात, परदेशातलेही असतात. सुडोकूची आणि कोड्यांची जागतिक स्पर्धा २०१७ साली बेंगळुरूत भरली होती.

हा बायकांचा प्रांत नाही असं कुणी म्हणालं, तर त्यांना एक नाव सांगा. सुडोकूची पहिली जागतिक स्पर्धा २००६ साली इटलीतल्या लुक्का गावी झाली. ती जिंकली याना टायलोवा या चेक देशातल्या बाईने. वय एकतीस, काम हिशेबाचं. आपल्या गटाच्या सचिवांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. यातल्या पुष्कळ वेबसाइट एकट्यादुकट्या माणसाच्या हौसेवर चालतात. जुन्या काळी फ्लॅश नावाच्या तंत्रावर केलेले कितीतरी खेळ आणि कोडी २०२० च्या शेवटी ते तंत्र बंद झालं तशी एकदम उघडेनाशी झाली. मासिकाचा अंक कपाटात पन्नास वर्षं राहतो. म्हणूनच शॉर्ट्झ यांना गार्न्स सापडले. वेबसाइट बंद पडली तर कोडंही गेलं आणि नावही गेलं. तेव्हा चांगलं कोडं मिळालं तर वहीत उतरवून ठेवा, आणि खाली कुणाचं तेही लिहा.

आपल्याकडे आजीने घातलेली कोडी आजीला कुणी सांगितली, हे आजीलाही सांगता यायचं नाही. ती कोडी आपली झाली हे खरं, पण रचणारी कुठेच दिसत नाही. आपल्या गटात आपण काय करतो? पापडाच्या पुडीवर गटाचं नाव छापतो, ठरावाखाली सह्या करतो, कर्जाच्या नोंदीत बाईचं स्वतःचं नाव घालतो. कुणी केलं हे लिहिलेलं असलं की त्या कामाची किंमत होते, आणि चुकलं तर विचारायचं कुणाला तेही कळतं. कोड्याचंही तेच आहे.

तर आजचं काम. ती चार बाय चारची चौकट सोडवून झाली की स्वतः एक घाला. रीत सोपी. आधी सोळाही घरं नियमाने भरून घ्या. मग एकेक आकडा खोडत जा आणि प्रत्येक वेळी बघा, उत्तर अजून एकच निघतंय का? दोन निघाली की शेवटचा खोडलेला परत लिहा. चारापेक्षा कमी आकड्यांत हे जमत नाही, म्हणून पाच-सहावर थांबलात तरी चालेल. मग ते शेजारणीला सोडवायला द्या आणि स्वतः गप्प बसून बघा, ती कुठे अडते. फोनवर करायचं असेल तर मुलीला मदतीला घ्या, ती चटकन दाखवील.

केलेली कोडी केंद्रावर आणून द्या किंवा बैठकीत माझ्याकडे द्या. पुढच्या महिन्यात आपण ती रेडिओवर सांगू. चौकटीखाली तुमचं नाव आणि गाव मात्र नीट अक्षरात लिहा. कोडं सांगताना ते आधी घेणार आहोत.